सूड घेतल्यावर पुढे काय, हे सांगणारी पुस्तकं

डार्क फँटसी, म्हणजे जादूच्या काळोख्या, रक्ताळलेल्या गोष्टी, वाचणाऱ्या माणसाला आपल्याकडे दोन प्रकारचे लोक भेटतात. एक म्हणतात, हे काय लहान मुलांसारखं, ड्रॅगन आणि तलवारी आणि मंत्र, वय काय तुझं. दुसरे म्हणतात, बापरे किती तो रक्तपात, नुसता सूड, अशानं डोकं फिरेल. आणि कधीकधी तर ही दोन्ही वाक्यं एकच माणूस एकाच चहात बोलून जातो. म्हणजे पोरकटही आणि भयंकरही. मी आता वाद घालत नाही, कप उचलते आणि आत जाते. पण मुद्दा नुसता माझ्या आवडीनिवडीचा असता तर लिहिलंच नसतं. हल्ली कॉलेजची, अगदी नववी-दहावीचीसुद्धा पोरं हे इंग्रजीतून धडाधड वाचतायत, त्यांचे आईबाप घाबरतायत, आणि लायब्ररीवाले म्हणतात असलं काही आम्ही ठेवत नाही. तेव्हा पोरांच्या हातात जादू आणि सुडाच्या कादंबऱ्या द्याव्यात का हा प्रश्न खराच आहे, आणि माझं उत्तर आहे, द्याव्यात, जरा बघून द्याव्यात पण नक्की द्याव्यात. कारण सूड ही गोष्ट आपल्या आजूबाजूला सगळीकडे आहे, सिनेमात आहे, बातम्यांत आहे, भावकीत तर आहेच आहे, पण सूड घेऊन झाल्यावर काय होतं हे नीट बसून दाखवणारा करमणुकीचा प्रकार मला तरी हा एकच दिसतो.

आता उदाहरण दिल्याशिवाय हे पटायचं नाही, आणि उदाहरण दिलं की स्पॉयलर होणार, त्याला इलाज नाही.

जो अ‍ॅबरक्रॉम्बीची 'बेस्ट सर्व्ह्ड कोल्ड' घ्या, २००९ ची. मोन्झा नावाची भाडोत्री फौजेची सेनापती, तिनं ज्याच्यासाठी सगळ्या लढाया जिंकल्या तोच ड्यूक तिला आणि तिच्या भावाला वर महालात बोलवून घेतो, भावाला मारतो, हिचा हात चेचतात, भोसकतात आणि कड्यावरून खाली फेकतात. ती वाचते. खोलीत त्या वेळी सातजण होते, म्हणून सातजणांना मारायचं, बास, एवढी साधी गोष्ट. पहिल्या पन्नासेक पानांत आपण पूर्णपणे तिच्या बाजूनं असतो, मार बाई, सोडू नको. आणि मग लेखक हळूहळू हिशोब दाखवायला लागतो. त्या सातांमधला एक बँकेत बसतो, तर हिनं ठेवलेला विषतज्ज्ञ बँकेच्या खातेवह्यांनाच विष लावतो, एका माणसाला मारायचं म्हणून, आणि त्या वह्या हाताळणारे कारकून पटापट मरतात. त्यांची नावंसुद्धा आपल्याला माहीत नसतात. कुणाचा तरी मुलगा सकाळी डबा घेऊन ऑफिसला आला असेल आणि संपला. मोन्झाबरोबर शिव्हर्स म्हणून एक उत्तरेकडचा गडी असतो, तो बिचारा घर सोडून आलेला असतो तेच मुळी चांगला माणूस व्हायचं ठरवून. तिच्या नादाला लागून त्याचा डोळा जातो, आणि डोळ्याबरोबर तो चांगुलपणाचा विचारही जातो, शेवटी तो इतका कडवट आणि क्रूर झालेला असतो की आधीचा माणूस शोधून सापडत नाही. आणि वर हे कळतं की ज्या भावासाठी एवढं केलं तो खरंच ड्यूकविरुद्ध कट करत होता. म्हणजे ड्यूकचा संशय अगदीच हवेतला नव्हता.

पुस्तक संपतं तेव्हा मोन्झा जिंकलेली असते, गादीवर असते. पण वाचणाऱ्याला टाळ्या वाजवाव्याशा वाटत नाहीत. एवढंच मला दाखवायचंय. 'मार बाई' म्हणणारी मीच होते आणि मलाच आता गप्प बसावंसं वाटतंय, हे काम कुठल्याही मूल्यशिक्षणाच्या तासानं माझ्यावर केलेलं नाही.

या पुस्तकात जादू तशी कमीच आहे. जिथे जादू जास्त असते तिथे तर हा हिशोब आणखी उघडा दिसतो, कारण या प्रकारच्या कादंबऱ्यांमध्ये जादू ही वाण्याकडच्या उधारीच्या वहीसारखी असते, माल आज मिळतो, बिल पुढच्या महिन्यात येतं, आणि कधीकधी बाप मेल्यावर पोराकडे येतं. मायकल मूरकॉकचा एलरिक हा या सगळ्यांचा एक आजोबा म्हणा, पहिली गोष्ट १९६१ ची. अशक्त, पांढराफटक राजा, त्याच्याकडे एक काळी तलवार, स्टॉर्मब्रिंगर, ती ज्याला मारेल त्याचा आत्मा पिते आणि ती ताकद एलरिकला देते. गादी बळकावणाऱ्या चुलतभावाचा सूड घ्यायला तो स्वतःच्याच राजधानीवर परकी जहाजं घेऊन चालून येतो, भावाला मारतो, आणि त्याच झटापटीत जिच्यासाठी परत आलेला असतो ती सिमोरिल त्याच तलवारीवर जाते. शहर जळालं, भाऊ गेला, ती गेली. आणि तलवार टाकून देतो म्हटलं तरी टाकता येत नाही, तिच्याशिवाय तो जगूच शकत नाही.

जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या ज्या पुस्तकांवरून 'गेम ऑफ थ्रोन्स' ही सिरियल निघाली त्यांतली कॅटलिन स्टार्क सिरियल बघणाऱ्यांना माहितीय ती लग्नाच्या मांडवात गळा चिरून मरते इथपर्यंतच. पुस्तकात ती परत येते. नदीत तीन दिवस पडलेलं प्रेत, चिरलेला गळा तसाच, बोलायचं तर गळ्यावर हात दाबून घोगरं काहीतरी, आणि परत आलेल्या त्या बाईत आई म्हणावी अशी एकही गोष्ट उरलेली नसते, फक्त फाशी द्यायच्या लोकांची यादी. पहिल्या पुस्तकापासून पाचही पोरांचा जीव जिच्या डोक्यात चोवीस तास असायचा, ती बाई आता ज्यानं तिचं भलं केलं त्यालाही झाडाला टांगायला निघते. सिरियलवाल्यांनी हे गाळलं. मला आजही वाटतं की त्यांनी नेमका गाभाच गाळला, कारण त्यांच्याकडे मग उरला तो सगळा टाळ्यांचा सूड, खलनायक मेला की लोक हॉटेलात उभं राहून ओरडतात तसला.

आता आपल्याकडचा खास आक्षेप. मला हा एका ओळखीच्या काकांनी घेतला, चळवळीतले आहेत, मनापासून आदर आहे त्यांच्याबद्दल. ते म्हणाले, अगं, आपण इतकी वर्षं जादूटोण्याविरुद्ध भांडलो आणि तुम्ही शिकलेली माणसं जादूच्या कादंबऱ्या डोक्यावर घेऊन नाचता. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यासाठी आधीची कित्येक वर्षं लोक नुसते थांबले होते. ज्या राज्यानं हे बघितलंय तिथे असा प्रश्न पडणारच.

पण करणी, भानामती, मूठ या प्रकारांमध्ये नेमकं काय चालतं ते बघा. घरात पोर आजारी पडलं, म्हैस मेली, की कुणीतरी सांगतं करणी केलीय. कुणी केली? तर कोपऱ्यावरच्या घरातली एकटी बाई, बहुतेक विधवा, आणि बहुतेक वेळा तिच्या नावावर जमिनीचा तुकडा. नंदुरबारकडे डाकीण ठरवलेल्या बायकांसाठी कार्यकर्ते वर्षानुवर्षं झगडतायत. म्हणजे तिथे जादू नसतेच, असतो तो सूड, आणि सुडावर जादूचं पांघरूण. मांत्रिकाचा सगळा धंदा या एका आश्वासनावर उभा असतो की काम होईल आणि तुम्हाला काही होणार नाही, फक्त दक्षिणा द्या. डार्क फँटसी हेच आश्वासन मोडून काढते. जादू केलीस ना, मग हात जाईल, डोळा जाईल, पोर जाईल, तू जाशील. शिवाय वाचणाऱ्याला पहिल्या पानापासून माहीत असतं की हे रचलेलं आहे, त्या जगाचा नकाशा पुढच्या पानावर छापलेला असतो, ते जग कुणाच्या गल्लीत नाही. अशी पुस्तकं वाचून कुणी शेजारणीला डाकीण म्हटल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. मांत्रिकाच्या जाहिराती मात्र मी रोज लोकलमध्ये बघते, वशीकरण, सौतन से छुटकारा, चोवीस तासांत रिझल्ट, आणि त्यावर फोन नंबर.

काकांना हे अर्धं पटलं. अर्ध्यासाठी ते म्हणाले की बरं, पण हे आपलं नाहीये ना, हा पाश्चात्त्य हिंसेचा बाजार आहे.

इथे मात्र मला हसू आवरेना. पाश्चात्त्य हिंसा पाश्चात्त्यांनी हवेतून आणलेली नाही हे एक, मार्टिननंच सांगितलंय की त्याचं ते रक्ताळलेलं लग्न स्कॉटलंडच्या इतिहासातून उचललंय, १४४० मध्ये एडिंबरोच्या किल्ल्यात जेवायला बोलावून मारलेली डग्लस घराण्यातली दोन पोरं आणि १६९२ मध्ये ग्लेन्को इथे बाराएक दिवस पाहुणचार घेऊन यजमानांनाच कापणारे सैनिक. पण ते जाऊ दे. आपलं नाही म्हणता? आपल्याकडे घरात महाभारत ठेवू नये, भांडणं होतात म्हणतात. का म्हणत असतील?

सौप्तिक पर्व काढा. युद्ध संपलंय, दुर्योधन मांडी फुटून पडलाय, अश्वत्थामा, कृप आणि कृतवर्मा असे तिघं एका वडाखाली रात्र काढतायत. दोघं झोपलेत, अश्वत्थाम्याला झोप नाही, बापाला कपटानं मारलं ते डोक्यात घुमतंय. वर फांद्यांवर कावळे झोपलेत, एक घुबड येतं आणि झोपलेल्या कावळ्यांना एकेक करून मारतं, खाली पिसांचा आणि तुकड्यांचा सडा. त्याला कल्पना तिथे सुचते. कृप मामा उठून समजावतो की अरे झोपलेल्यांना मारणं हा धर्म नाही, सकाळ होऊ दे, वडीलधाऱ्यांना विचारू. ऐकतो कोण. पांडवांच्या शिबिराच्या दारात एक प्रचंड भूत उभं असतं, याची सगळी अस्त्रं ते गिळून टाकतं. मग हा शंकराची आराधना करतो, समोर पेटती वेदी उभी राहते आणि हा स्वतःलाच आहुती म्हणून त्या आगीत घालतो. शंकर त्याला तलवार देतो आणि त्याच्या अंगात शिरतो. आणि मग आत जाऊन पहिला धृष्टद्युम्न. तो म्हणतो मला निदान शस्त्रानं तरी मार, म्हणजे चांगल्या लोकी जाईन. हा म्हणतो, गुरूला मारणाऱ्याला कसला लोक, आणि लाथांनी तुडवून मारतो. मग द्रौपदीची पाचही पोरं, मग शिखंडी. जे बाहेर पळाले त्यांना दारात कृप आणि कृतवर्म्यानं कापलं, हो, तोच कृप, ज्यानं तासाभरापूर्वी धर्म सांगितला होता.

हे एखाद्या इंग्रज लेखकानं २०१० साली लिहिलं असतं तर मुखपृष्ठावर 'ग्रिमडार्क', म्हणजे डार्क फँटसीतलाही सगळ्यांत काळाकुट्ट प्रकार, असं छापून आलं असतं आणि काकांनी नाक मुरडलं असतं.

आणि हा धृष्टद्युम्न तरी कोण, तर द्रुपदानं द्रोणाचा सूड घ्यायचा म्हणून यज्ञ केला त्यातून निघालेला मुलगा, म्हणजे पोर जन्मालाच घातलं ते सुडाचं हत्यार म्हणून. शिखंडी म्हणजे अंबेचा सूड. इकडे कृष्ण-अर्जुनानं खांडववन जाळलं, इरावती कर्व्यांनी 'युगान्त'मध्ये त्या जाळण्यावर किती रोखठोक लिहिलंय, त्यात तक्षक नागाची बायको मेली, पोरगा अश्वसेन वाचला आणि कितीतरी वर्षांनी कर्णाच्या बाणावर येऊन बसला, आईचा सूड घ्यायला. कृष्णानं रथ दाबला म्हणून बाण अर्जुनाच्या मुकुटावर गेला. अश्वसेन परत कर्णाकडे आला, मला पुन्हा सोड म्हणाला, आणि कर्ण म्हणाला एकच बाण मी दोनदा लावत नाही. या एका प्रसंगावर अख्खी सिरीज होईल की नाही सांगा. पुढे अश्वत्थाम्याचं अस्त्र उत्तरेच्या गर्भावर, तो गर्भ म्हणजे परीक्षित, तो कृष्णानं जगवला, तर त्याला शेवटी तक्षकच चावला. मग परीक्षिताच्या पोरानं, जनमेजयानं, सगळ्याच सापांना जाळायला सत्र मांडलं, आणि त्याला चिथावणारा उत्तंक, त्याचा तक्षकावर राग काय, तर कुंडलं चोरली होती. कुणाच्या कुंडलांपायी अख्खी जात आगीत. 'इंद्राय स्वाहा, तक्षकाय स्वाहा' आपण भांडणात गमतीनं म्हणतो, ते तिथलं. तो यज्ञ थांबवला आस्तिकानं, ज्याची आई नाग आणि बाप ऋषी, म्हणजे दोन्ही बाजूंचं रक्त ज्याच्या अंगात आहे त्यानं. आणि महाभारत सांगितलं गेलं ते कुठे? त्याच यज्ञात. साप आगीत पडतायत आणि वैशंपायन त्या राजाला त्याच्या पणजोबांची गोष्ट ऐकवतोय की सूड घेऊन घेऊन तुमच्या घरात किती जण उरले होते.

परंपरेचं नाव घेऊन ज्यांना डार्क फँटसी नको आहे त्यांनी परंपरा एकदा उघडून बघावी एवढीच विनंती. अश्वत्थाम्याला तर आपल्या लोकांनी अजून मरू दिलेलं नाही. लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकलंय, तो कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत दारोदार फिरतो. सातपुड्यात धडगाव तालुक्यात अस्तंभा डोंगर आहे, धनत्रयोदशीच्या सुमारास तिथे त्याची यात्रा भरते, आदिवासी बांधव रात्री मशाली, बॅटऱ्या घेऊन तो अवघड डोंगर चढतात. झोपलेल्या पोरांना मारणाऱ्या माणसाला माफ कुणी केलेलं नाही, पण विसरायलाही कुणी तयार नाही. असा खलनायक अजून एकाही इंग्रजी सिरीजला जमलेला नाही हे मी फॅन असून सांगते.

आता थोडं कटू. आपण ज्याला घाबरायला हवं तो सूड पुस्तकांतला नाहीये. बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या केसमधला आरोपी सप्टेंबर २०२४ मध्ये पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला आणि मुंबईत पोस्टर लागली, 'बदला पुरा'. बदलापूर, बदला पुरा, यमक जुळलं. पुढे जानेवारी २०२५ मध्ये दंडाधिकाऱ्यांचा चौकशी अहवाल हायकोर्टापुढे आला, त्यात पाच पोलिसांना जबाबदार धरलेलं होतं. त्याआधी २०१९ मध्ये हैदराबादला एका डॉक्टर तरुणीवरच्या बलात्कार आणि खुनाच्या केसमधले चार आरोपी असेच मारले गेले तेव्हा लोकांनी पोलिसांवर फुलं उधळली होती, आणि सुप्रीम कोर्टानं नेमलेल्या न्या. सिरपूरकर आयोगानं २०२२ मध्ये सांगितलं की पोलिसांनी मारायच्याच हेतूनं गोळ्या झाडल्या आणि त्या चारांतले तिघं अल्पवयीन होते. फुलं उधळली त्याच्या बातम्या सगळ्यांनी बघितल्या, अहवाल किती जणांनी बघितला? मला त्या गुन्ह्यांबद्दल, त्या पोरींच्या आईबापांबद्दल काय वाटतं ते वेगळं सांगायची गरज नसावी, मीही त्या दिवशी मनात बरं झालं म्हटलेल्यांपैकी असू शकते. पण गोळी घातली की खटला संपला, पुरावे संपले, शाळेतल्या कुणी काय लपवलं हे कोर्टात उलगडण्याची एक वाट बंद झाली. ते बिल कुणाच्या नावावर गेलं ते पोस्टरवर नव्हतं.

आणि हे पोस्टर लावणारी, फुलं टाकणारी माणसं ग्रिमडार्क वाचून बिघडलेली नव्हती. ती वाढलीत ती स्वच्छ सुडाच्या सिनेमांवर. बहिणीला त्रास दिला, हिरोनं गुंडांना उडवलं, शिट्ट्या, गाणं, शेवट. त्यात कधी विष लागलेल्या वह्या चाळणारा कारकून नसतो, चुकीचा माणूस मारला गेला असं कधी होत नाही, हिरोच्या डोळ्यांत मारून झाल्यावर कधी काही बदलत नाही. घरचे हे पोरांबरोबर बसून टीव्हीवर बघतात आणि त्याला फॅमिली एंटरटेनमेंट म्हणतात. मग मोन्झाची गोष्ट वाचणारं पोरगं जास्त धोक्यात आहे की हे बघणारं, तुम्हीच ठरवा.

याचा अर्थ या प्रकारातलं सगळं चांगलं असतं असं मुळीच नाही. भरपूर कचरा आहे. बाईवर अत्याचार झाला म्हणून पुरुष पेटून उठला हा तर इतका झिजलेला प्लॉट आहे की मी तो दिसला की पुस्तक मिटते, मग मागे कितीही मोठं नाव असो. कॉमिक्सच्या बाबतीत लेखिका गेल सिमोननं १९९९ मध्येच अशा मारून टाकलेल्या बायकांची यादी करून दाखवली होती, तरी लेखकांना अक्कल येत नाही. काही जण आतडी बाहेर काढणं म्हणजेच गंभीर लिहिणं समजतात. आणि सिरीज न संपवण्याची खोड वेगळीच, मार्टिनचं पाचवं पुस्तक २०११ ला आलं आणि आम्ही सहाव्याची वाट बघत केस पांढरे केले.

वयाचाही प्रश्न आहे आणि तो मी टाळणार नाही. आर. एफ. क्वांगची 'द पॉपी वॉर', २०१८ ची, मी शाळकरी पोराला देणार नाही. सुरुवात एकदम शाळेच्या गोष्टीसारखी होते, गरीब अनाथ मुलगी परीक्षा देऊन मोठ्या सैनिकी शाळेत जाते, वगैरे, आणि अर्ध्यात पुस्तक तुम्हाला १९३७ च्या नानजिंगमध्ये, जपानी सैन्यानं तिथे केलेल्या कत्तलीत, नेऊन टाकतं, नाव बदललंय पण शहर तेच, प्रेतं तीच. ते वाचताना मला मध्ये थांबावं लागलं होतं. पण थोडं मोठं, सतरा-अठराचं पोर असेल तर मी हेच पुस्तक आधी देईन. कारण त्या मुलीला, रिनला, अग्निदेवता वश करता येते, तिचा गुरू तिला कळवळून सांगतो की त्या देवतेला बोलवू नकोस, आणि ती बोलवते. शत्रूचं अख्खं बेट जाळते. सैनिक, म्हातारे, दूध पिणारी पोरं, सगळं. तोपर्यंत शत्रूनं काय काय केलंय ते आपण इतकं बघितलेलं असतं की आपलाही हात त्या बटणावर असतो. लेखिका तिथे तुम्हाला उपदेश करत नाही की हे वाईट आहे बरं का. ती फक्त रिनला पुढे जगायला लावते, आणखी दोन जाडजूड पुस्तकं. रोज पेपरात कुठल्या ना कुठल्या युद्धाची बातमी वाचून 'एकदाच काय ते संपवून टाका' असं सहज म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वाचायला हवं.

राहता राहिली मराठी. वाईट एवढ्याचंच वाटतं की हे सगळं आपल्या पोरांना इंग्रजीतून वाचावं लागतं आणि ज्यांचं इंग्रजी तेवढं नाही त्यांच्यापर्यंत ते येतच नाही. आपल्याला हे जमत नाही असं तर अजिबात नाही. नारायण धारप काय कमी होते का, मतकरींच्या गूढकथा वाचून आमच्या अख्ख्या पिढीनं रात्री बाथरूमला जाताना लाइट लावलेत. 'तुंबाड' सिनेमाची बीजं धारपांच्या कथेत आहेत. तो २०१८ ला थेटरात फार चालला नाही आणि २०२४ ला परत लावला तर पहिल्यापेक्षा जास्त कमाई करून गेला, म्हणजे माणसं आहेत, मागणी आहे. पण प्रकाशकाला विचारा, तो म्हणतो फँटसी म्हणजे बालविभाग, आणि बालविभागात एवढं रक्त चालत नाही. मोठ्यांच्या विभागात गेलात तर तिथे ऐतिहासिक, चरित्र आणि पैसे कमवायचे मंत्र, हो, मंत्रच. राज्यात १९६७ च्या कायद्याखाली अनुदान घेणारी हजारो सार्वजनिक वाचनालयं आहेत, त्यांच्यासाठी शासनमान्य ग्रंथांच्या याद्या निघतात, पण आमच्याकडच्या वाचनालयात मी जेव्हा जेव्हा विचारलं तेव्हा तेव्हा मला परीकथांच्या कपाटाकडे पाठवण्यात आलं. टॉल्किनचा मराठी अनुवाद झालाय, हॅरी पॉटर मराठीत आलाय, म्हणजे चांगल्या-वाइटाची रेघ जिथे ठळक आहे तिथपर्यंत आपण आलोय. रेघ जिथे पुसली जाते तिथे अजून कुणी हात घालत नाही.

माझी मागणी फार मोठी नाही. एखाद्या प्रकाशकानं यातली एक, नीट निवडून, चांगल्या अनुवादकाला पैसे देऊन मराठीत आणावी, मागे वय छापावं, म्हणजे आईबापांना बोलायला जागा राहणार नाही. आणि जे लिहिणारे आहेत त्यांनी इंग्रजीतले किल्ले आणि ड्रॅगन उचलू नयेत प्लीज, अश्वसेन तिथे तसाच पडलाय, जळलेल्या जंगलातून वाचलेलं एक पोर, आई डोळ्यांदेखत गेलेली, आणि ज्याच्या हातात तो बाण होता त्यानं 'नाही' म्हटलेलं. कुणी लिहिणार असेल तर आगाऊ पैसे भरून पहिली कॉपी मी घेईन. फक्त आधी शब्द द्या की सिरीज पूर्ण कराल.